बत्तीस बाइटांत मावणारं नाव

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात वाय-फायची दुरुस्ती करणाऱ्यांकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. रेंज येत नाही, मध्येच तुटतं, पासवर्ड घेत नाही, नाव दिसतं पण जोडलं जात नाही. यातल्या शेवटच्या दोन तक्रारींत एक वेगळीच जात मिसळलेली असते. राउटरला, फोनच्या हॉटस्पॉटला किंवा खुद्द संगणकाला मालकाने मराठीत नाव दिलेलं असतं. फोन जोडला जातो, पण जुना लॅपटॉप अडतो; टीव्ही चालतो, पण प्रिंटरला नेटवर्क सापडत नाही; यूएसबीला लावायचा वायरलेस ॲडॅप्टर नाव दाखवतो आणि क्लिक केलं की गप्प बसतो. अशा वेळी आमच्या धंद्यात एक सल्ला तयारच असतो: नाव इंग्रजीत करून टाका. बरेचदा तो लागूही पडतो, आणि लागू पडतो म्हणूनच तो इलाज समजला जातो. माझं म्हणणं असं की इंग्रजी नाव देऊन बघणं ही तपासणीची एक उत्तम पायरी आहे. पण ती पायरीच आहे. तिथेच काम संपवलं तर बिघाड कुठे होता हे कळत नाही, तो तसाच राहतो, आणि मालकाने आपल्या भाषेत ठेवलेलं नाव फुकट जातं.

आधी दुसरी बाजू मान्य करायला हवी. उपनगरांतली वाय-फायची बहुतेक दुखणी नावाची नसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. सात मजली सोसायटीत घरटी एक राउटर म्हटला तरी या तीन वाहिन्यांवर किती गर्दी होते हे वेगळं सांगायला नको. त्यात सिमेंटच्या भिंती आणि त्यांतल्या सळ्या. त्यामुळे मराठी नाव दिसलं की लगेच एन्कोडिंगवर, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडण्याच्या पद्धतीवर, बोट ठेवणं हाही आळसच. दोन्हींत फरक करायची सोपी कसोटी आहे. गर्दीचा आणि अंतराचा त्रास हलता असतो. रात्री उशिरा तो कमी होतो, राउटरच्या खोलीत जाऊन बसलं की जातो, संध्याकाळी पुन्हा येतो. नावाचा बिघाड हलत नाही. राउटरला चिकटून बसा, पहाटे तीनला करून बघा, तोच संगणक त्याच जागी तसाच अडतो आणि शेजारचा फोन तसाच चालतो. जो दोष वेळेने बदलत नाही, अंतराने बदलत नाही आणि यंत्र बदललं की मात्र बदलतो, त्याचं मूळ हवेत नसून यंत्राच्या आत शोधायला हवं. नाव तात्पुरतं इंग्रजीत करण्याची खरी जागा ही इथे. तसं केल्यावर अडलेलं यंत्र चालू झालं, तर इतकंच सिद्ध झालं की नावाच्या वाटेवर कुठेतरी गोंधळ आहे. कुठे, ते अजून शोधायचंच आहे.

ती वाट समजून घ्यायची तर वायरलेस नेटवर्कचं नाव म्हणजे नेमकं काय, तिथून सुरुवात करावी लागते. आपल्याला ते नाव वाटतं. रेडिओच्या लेखी ती जास्तीत जास्त ३२ बाइटांची एक माळ असते. ८०२.११ हे वाय-फायचं प्रमाणक १९९७ साली आलं. या बाइटांचा अर्थ कुठल्या लिपीत लावायचा, हे त्यात सांगितलेलंच नव्हतं. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ मध्येच रचली होती, म्हणजे साधन हाताशी होतं. तरी नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असं जाहीर करणारी खूण या प्रमाणकात २०१२ च्या आवृत्तीत आली, आणि तीही केवळ एका बिटाची सूचना आहे. स्वस्त यंत्राचं फर्मवेअर तिच्याकडे बघेलच असं नाही. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात बसतं आणि देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. घटक म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत हे सगळे वेगवेगळे धरले जातात. 'अंधेरी'त सहा घटक, म्हणजे १८ बाइट. मधली मोकळी जागा १. 'पूर्व'मध्ये पाच घटक, १५ बाइट. 'अंधेरी पूर्व' झालं ३४. इंग्रजीत हेच नाव १२ बाइटांत आटोपतं. 'मुलुंड पूर्व'सुद्धा ३४. रेल्वेच्या पाटीवर पाच-सहा अक्षरांत मावणारं नाव रेडिओच्या मर्यादेत मावत नाही.

खरी अडचण नाव लांब होण्याची नाही, मर्यादा कोण कशी मोजतं याची आहे. राउटरचं सेटिंगचं पान अनेकदा अक्षरचिन्हं मोजतं. 'अंधेरी पूर्व' ही त्याच्या हिशेबी १२ चिन्हं, ३२ च्या कितीतरी आत, म्हणून ते बिनतक्रार स्वीकारतं. पुढे फर्मवेअर बाइट मोजतं आणि ३२ वर कात्री चालवतं. ती कात्री 'व' च्या पोटात पडते. 'व' म्हणजे षोडशमान पद्धतीत ई०, ए४, बी५ असे तीन बाइट. त्यातला पहिला ई० उरतो आणि मागचे दोन जातात. हवेत जाणारं नाव मग 'अंधेरी पूर्' आणि त्याच्या शेपटाला एक अनाथ बाइट असं निघतं. काही यंत्रं या उरलेल्या बाइटाच्या जागी प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन दाखवतात आणि निमूट जोडली जातात, कारण ती बाइट जसेच्या तसे परत पाठवतात. काही यंत्रं मात्र आधी त्या बाइटांचं अक्षरांत रूपांतर करतात, मोडका बाइट वैध नाही म्हणून टाकून देतात, आणि उरलेल्या ३१ बाइटांच्या नावाने नेटवर्कला हाक मारतात. त्या नावाचं नेटवर्क अस्तित्वातच नसतं. बाहेरून दिसतं ते एवढंच की ॲडॅप्टर खराब आहे. असा ॲडॅप्टर बदलून देणं, ड्रायव्हर पुन्हा टाकणं, अँटेना हलवणं यात दिवस जातो, आणि नव्या ॲडॅप्टरचा ड्रायव्हर निराळ्या घडणीचा निघाला तर तो योगायोगाने चालतोसुद्धा. मग 'जुना खराब होता' हे अनुमान पक्कं होतं.

पडद्यावर नाव कसं बिघडलंय याकडे नीट पाहिलं तर पुष्कळ काही कळतं, आणि या कामातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. 'बोरिवली' घ्या. डोळ्याला दिसणारी अक्षरं चार, युनिकोडचे घटक सात, बाइट एकवीस. बिघडलेल्या नावात किती चिन्हं उमटली ते मोजा. सात प्रश्नचिन्हं आली तर वाटेतल्या कुठल्यातरी प्रोग्रॅमला हे सात घटक आहेत इथवर बरोबर कळलं होतं. पुढे ते एखाद्या जुन्या साच्यात ओतताना त्याला देवनागरीसाठी जागा सापडली नाही आणि त्याने प्रत्येकाच्या बदली प्रश्नचिन्ह ठेवलं. इथे माहिती हरवलेली असते. त्या प्रश्नचिन्हांतून मूळ नाव पुन्हा उभं राहत नाही. एकवीस विचित्र चिन्हं आली, तर प्रोग्रॅमने एकेक बाइट हे एकेक युरोपीय अक्षर धरलं. ओळखायची खूण पक्की आहे: दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए येतं, त्यामागे कधी चार टोकांचं चलनचिन्ह तर कधी येनचं चिन्ह, आणि मग तिसरं काहीही. 'र' असेल तिथे अंशाचं बारीक वर्तुळ दिसतं, 'व' च्या जागी मायक्रोचं चिन्ह, शेवटच्या दीर्घ ईकाराच्या जागी युरो. देवनागरीचा प्रत्येक घटक ई०, ए४ किंवा ई०, ए५ या जोडीने सुरू होतो, म्हणून ही लय येते. नाव असं दिसलं तर घाबरायचं कारण कमी, कारण बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणारा चुकतो आहे. नुसते रिकामे चौकोन दिसले तर दोष आणखी किरकोळ: त्या यंत्रात देवनागरीचा टंकच नाही. चौकोन, प्रश्नचिन्हं आणि युरोपीय चिन्हं या तिन्हींना आपण सरसकट 'नाव गडबडलंय' म्हणतो, पण तिघांचा इलाज वेगळा आणि गांभीर्यही वेगळं.

अर्थात पडदा हा शेवटचा पुरावा नव्हे. विंडोजच्या काळ्या खिडकीत आज्ञा देऊन नेटवर्कांची यादी मागवली तर मराठी नावं कित्येकदा प्रश्नचिन्हांतच येतात, पण तो त्या खिडकीचा दोष असू शकतो. आत साठवलेलं नाव धड असतं. म्हणून नेटवर्कचं प्रोफाइल एक्सएमएल फाइलमध्ये काढून बघावं. त्यात नाव दोनदा लिहिलेलं असतं, एकदा वाचता येईल असं आणि एकदा षोडशमान आकड्यांत. आकड्यांवर विश्वास ठेवायचा. लिनक्सवर शोधयादी मागवली की देवनागरी नाव उलट्या तिरप्या रेघा आणि आकड्यांच्या जोड्यांत उमटतं. नवख्याला ते बिघडलेलं वाटतं, पण तीच त्या नावाची सर्वांत प्रामाणिक नोंद आहे. राउटर हवेत कोणते बाइट सोडतो आणि संगणकाने कोणते साठवले, हे शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिलं की निम्मा वाद मिटतो.

विंडोजमध्ये मराठीची एक खास अडचण आहे. युनिकोडच्या आधी वेगवेगळ्या भाषांसाठी एका बाइटाची किंवा दोन बाइटांची जुनी कोडपेजेस होती: रशियनला होतं, ग्रीकला होतं, अरबीला होतं, थाईला होतं. हिंदी-मराठीला विंडोजमध्ये असं कोडपेज मिळालंच नाही; या भाषा विंडोज २००० मध्ये आल्या त्या थेट युनिकोडच्या दारातून. एका अर्थी हे बरंच झालं. पण त्याचा परिणाम असा की युनिकोड न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये रशियन नाव निदान रशियन संगणकावर तरी धड चालायचं. मराठी नावाला तेवढाही आसरा नाही. वायरलेस ॲडॅप्टरसोबत येणारे सेटअप आणि छोटे उपयोजक प्रोग्रॅम पुष्कळदा अशाच जुन्या घडणीचे असतात. वापरकर्त्याचं नाव मराठीत ठेवलं की त्याच्या फोल्डरचं नावही मराठीत बनतं, तात्पुरत्या फाइलींचा पत्ता त्या फोल्डरमधून जातो, आणि सेटअप स्वतःच उलगडलेल्या फाइली स्वतःलाच सापडत नाहीत म्हणून अर्ध्यावर थांबतो. इथे नेटवर्कच्या नावाचा काहीच संबंध नसतो. राउटरचं नाव इंग्रजीत करून काहीही साधत नाही. सेटअपची फाइल सरळ सी ड्राइव्हवरच्या एखाद्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये उलगडून तिथला ड्रायव्हर हाताने निवडून दिला की काम होतं. विंडोज १० मध्ये सगळ्या जुन्या प्रोग्रॅमांना यूटीएफ-८ वर आणणारी एक सोय आली, पण तिच्यावर चाचणी आवृत्तीचा शिक्का आहे आणि तो रास्त आहे: ती चालू केल्यावर दुसरे जुने प्रोग्रॅम गडबडू शकतात. दुकानात बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर असेल तर ती सोय न विचारता चालू करू नये.

पासवर्डचं प्रकरण याहून आत खोल जातं. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षापद्धतीत आपण टाकलेला पासवर्ड तसाच वापरला जात नाही. तो आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन ४,०९६ फेऱ्यांच्या गणितातून २५६ बिटांची किल्ली काढली जाते. म्हणजे नाव हा किल्लीचाच एक भाग आहे. किल्ली आधीच काढून सेटिंगच्या फाइलमध्ये साठवण्याची पद्धत काही यंत्रांत असते; ती काढताना नावाचे बाइट वेगळ्या एन्कोडिंगने घेतले गेले तर पासवर्ड अक्षर न् अक्षर बरोबर असूनही किल्ली चुकते, आणि पडद्यावर संदेश येतो: पासवर्ड चुकीचा. पासवर्ड दहादा टाकून घेण्यापेक्षा अशा वेळी नावाकडे बघावं. इथे प्रमाणकातली एक विसंगतीही लक्षात घेण्याजोगी आहे. नावात कुठलेही बाइट चालतात, पण पासवर्ड ८ ते ६३ चिन्हांचा आणि फक्त साध्या रोमन अक्षर-अंक-चिन्हांचा असावा लागतो. ॲपलच्या मदतीच्या पानावरही हॉटस्पॉटच्या पासवर्डबाबत हेच बजावलेलं आहे. म्हणून पासवर्ड मराठीत ठेवू नका हा सल्ला योग्य आहे, त्याला नियमाचा आधार आहे. नाव मराठीत ठेवू नका या सल्ल्याला तसा आधार नाही. दोन्ही सल्ले एकाच दमात दिले जातात, हे चुकतं.

मराठीत आणखी एक पेच आहे, तो हिंदी भाषकालाही सहसा पडत नाही. बोरिवली-मुलुंडच्या गल्ल्यांत 'ॲकॅडमी' नावाचे क्लास पुष्कळ. यातला 'ॲ' दोन प्रकारे टंकता येतो. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली, तो तीन बाइटांचा. त्याआधीची सवय म्हणजे 'अ' वर चंद्र ठेवायचा, तो सहा बाइटांचा. दिसायला दोन्ही सारखे. युनिकोडचे एकरूप करण्याचे जे नियम आहेत तेही या दोघांना एक मानत नाहीत. 'ऱ' ची कथा थोडी निराळी: एकसंध 'ऱ' आणि 'र' खाली नुक्ता देऊन बनवलेला 'ऱ' यांना ते नियम एक मानतात, पण दोघांचे बाइट वेगळेच. 'कऱ्हाड' किंवा 'गोऱ्हे' यांतला अर्धा रफार तर 'र', हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा तिसऱ्याच रीतीनेही उमटतो. नेटवर्क यादीत दिसत असेल तर फरक पडत नाही, कारण यंत्र बाइट उचलून घेतं. पण नाव लपवलेलं असेल, किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हाताने टंकावं लागत असेल, तर राउटरवर एका कीबोर्डने टंकलेलं आणि कॅमेऱ्यासाठी फोनच्या कीबोर्डने टंकलेलं नाव डोळ्याला तंतोतंत सारखं असून जुळत नाही. यावर उपाय साधा आहे. नाव दोनदा टंकू नये, एकदा टंकून नक्कल करून चिकटवावं. आणि मराठी नेटवर्कचं नाव लपवू नये. लपवून सुरक्षा वाढत नाही, हा त्रास मात्र वाढतो.

आता आक्षेप. पहिला व्यवहाराचा: गिऱ्हाइकाला नेट हवं असतं, बाइटांचं निदान नको असतं, दोन मिनिटांत इंग्रजी नाव देऊन काम होत असेल तर एवढा खटाटोप कशाला? गिऱ्हाइकाच्या वेळेची किंमत मला मान्य आहे. पण दोष न शोधता नाव बदललं की तो दोष दुसऱ्या वाटेने परत येतो: उद्या घरातल्या फोनचं मराठी नावच हॉटस्पॉटचं नाव होतं, परवा ब्लूटूथचा स्पीकर यादीत सापडत नाही, तेरवा ड्रायव्हर अद्ययावत होत नाही, आणि दर वेळी नवी फेरी पडते. दुसरा आक्षेप अधिक प्रचलित आहे: इंग्रजी नाव म्हणजे सुरक्षित नाव. तसं नाही. आयफोनचा हॉटस्पॉट फोनचंच नाव घेतो, आणि इंग्रजी नावातल्या मालकीदर्शक एसच्या आधीचा स्वल्पविरामासारखा वळणदार अपॉस्ट्रॉफी हा साध्या अपॉस्ट्रॉफीहून वेगळा, तीन बाइटांचा असतो. कॅमेऱ्याच्या किंवा छोट्या सर्किटच्या सेटिंगमध्ये माणूस साधा अपॉस्ट्रॉफी टंकतो आणि पूर्ण इंग्रजी नाव असूनही जोडणी होत नाही. जून २०२१ मध्ये तर उघड झालं की टक्केचिन्हं आणि काही रोमन अक्षरं असलेल्या एका नेटवर्कला जोडल्यावर आयफोनचं वाय-फायच बंद पडत होतं. नेटवर्कची सगळी सेटिंग पुसल्याशिवाय ते परत येत नव्हतं. जुलैमधल्या आयओएस १४.७ मध्ये ते दुरुस्त झालं. त्या नावात एकही अक्षर रोमनबाहेरचं नव्हतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतल्या एका जोडाक्षराने आयफोनची ॲप्स कोसळत होती, तेव्हा तेलुगू लिहिणाऱ्यांना कुणी लिपी सोडायला सांगितलं नाही, ११.२.६ ही आवृत्ती काढून प्रोग्रॅम सुधारला गेला. दोन्ही वेळा दोष नाव हाताळणाऱ्याचा होता आणि दुरुस्ती तिथेच झाली.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. घाटकोपर आणि मुलुंडमध्ये गुजराती घरं भरपूर, अंधेरीत तर देशभरची माणसं. सगळ्यांना वाचता येईल अशी लिपी म्हणून रोमन निवडणं यात गैर काय? काहीच गैर नाही. मालकाने विचार करून तसं ठरवलं असेल तर ते त्याचं नाव. माझा मुद्दा एवढाच की ते ठरवणं मालकाचं असावं, स्वस्त फर्मवेअरचं नसावं. आणि हे गुजरातीलाही लागू आहे; त्या लिपीचा घटकही तीनच बाइट घेतो, तिलाही हीच कात्री लागते. दुकानांच्या पाट्यांबाबत आपण काय केलं ते पाहावं. २०२२ च्या दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही ठळक मराठी पाटी बंधनकारक झाली, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, पाट्या बदलल्या. त्याच दुकानाच्या आत नेटवर्कचं नाव मराठीत असावं अशी सक्ती कुणी करू नये, मीही मागत नाही. पण ज्याने हौसेने ठेवलंय त्याला ते काढायला लावण्याइतकं सबळ कारण आपल्याजवळ असलं पाहिजे. याच उपनगरात, जुहूला, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी होती, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. विंडोजचा 'मंगल' टंक घडवणारे र. कृ. जोशी तिथे काम करत. पडद्यावर देवनागरी नीट उमटावी यासाठी इथल्या माणसांनी आयुष्यं घातली, आणि ते काम झालंसुद्धा. पडद्यावर ती इतकी सहज दिसते म्हणूनच आपण धरून चालतो की आतही सगळं ठीक असेल. मग बिघाड झाला की दोष लिपीच्या माथी मारतो.

मग करायचं काय? नाव दहा घटकांच्या आत ठेवायला सांगायचं. दहा त्रिक तीस बाइट, दोन शिल्लक. 'बोरिवली' बसतं, 'घाटकोपर' बसतं, दिशा जोडायची तर अंक जोडावा, तो रोमन असला तर एकच बाइट खातो. राउटरचं फर्मवेअर आधी अद्ययावत करायचं, ॲडॅप्टरचा ड्रायव्हर सीडीवरचा न घेता चिप बनवणाऱ्याचा ताजा घ्यायचा. एवढं करूनही एखादा जुना प्रिंटर देवनागरी घेतच नसेल, तर आजच्या बहुतेक राउटरांवर दुसरं नेटवर्क सुरू करता येतं. त्याला साधं रोमन नाव देऊन प्रिंटर त्यावर टाकावा. मात्र पाहुण्यांसाठीचं म्हणून जे नेटवर्क असतं ते बाकीच्या यंत्रांपासून तोडलेलं असू शकतं, ते आधी तपासावं, नाहीतर प्रिंटर जोडला जाईल आणि छापणार मात्र कुणाचंच नाही. घरातलं मूळ नाव तसंच राहील. आणि तपासणीसाठी इंग्रजी केलेलं नाव निघताना पुन्हा मराठी करून, अडलेली सगळी यंत्रं त्या नावावर चालवून दाखवावीत.

शेवटी कंपनीकडे तक्रार पाठवण्याचा भाग, जो सहसा कुणी करत नाही. 'मराठी नावाने चालत नाही' या वाक्यावर कुठल्याही कंपनीतला अभियंता काम सुरू करू शकत नाही. तो आपल्या टेबलावर इंग्रजी नावाने करून बघतो, चालतं, आणि तक्रार बंद करतो. राउटरचं मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, टंकलेलं नाव आणि त्याचे षोडशमान बाइट हे चार तपशील जोडून 'सेटिंगच्या पानाने ३४ बाइटांचं नाव स्वीकारलं, हवेत ३२ गेले, शेवटी एकटा ई० उरला' असं लिहिलं, तर त्याला तोच बिघाड स्वतःच्या टेबलावर उभा करता येतो.